सगळे स्क्रीन केशरी

झेंडूचा वास आला की मला द्वारका चौकाजवळच्या त्या नव्या व्यापारी संकुलातली कंट्रोल रूम आठवते. तिची आखणी माझी होती आणि मालक ती बघायला नेमके दसऱ्याच्या सकाळी आले होते. टेबलांची उंची, मंद उजेड, डोळ्यांना ताण पडू नये म्हणून स्क्रीनपासून राखलेलं अंतर, सगळं मी त्यांना हौसेने दाखवत होतो, तेवढ्यात पार्किंगचा स्क्रीन केशरी झाला आणि अलार्म वाजला. पाठोपाठ लिफ्टचा, मग मागच्या गेटचा. "सर, कोणीतरी कॅमेरे झाकतंय!" ऑपरेटर मुलगी ओरडली. पहिल्याच दिवशी, तेही मालकांसमोर! शेवटी आमच्या दाराबाहेरचा एकच कॅमेरा उरला, आणि त्यात साफसफाईच्या मावशी स्टुलावर चढताना दिसल्या, हातात झेंडूचा भलामोठा हार. मी दार उघडून धावलो. "अहो मावशी, हे काय करताय?" "आज यंत्रांची पूजा नाय का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "बाकीच्यांना घालून झाले, हाच राहिलाय. लय जागतात हो बिचारे." मागून मालकांचं गडगडाटी हसू ऐकू आलं. "अलार्म मात्र चोख आहे बुवा तुमचा," असं म्हणत त्यांनी मावशींचं स्टूल धरलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आराखड्यात कॅमेऱ्याखाली एक छोटा हुक असतो. हा कशाला, असं कुणी विचारलं की मी सांगतो, दसऱ्याला कळेल.