खात्यापित्या घरचे मामा आणि इतर दुरुस्त्या

नाटक दोन तासांत संपतं आणि महिन्याभरात लोक विसरूनही जातात. तालमीतले किस्से मात्र साठत राहतात, फ्रीजमधल्या उरलेल्या भाजीच्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि एखादा उघडला की सगळ्या घराला कळतं.

अमेरिकेत, श्रूजबरीला आमच्या बेसमेंटमध्ये दर उन्हाळ्यात गणपतीच्या नाटकाची तालीम असते. फार्स लिहिते मी, बसवते मी आणि चहाही मीच करते. त्यामुळे माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. यंदा मात्र केतकी आली.

केतकी म्हणजे बापटांची मुलगी. बापट आमचे हुकमी विनोदी नट, मूळचे पुण्याचे, अंगानं काडी. केतकी इथंच जन्मली, इथंच वाढली. वूस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये ती एचआरमध्ये आहे, म्हणजे काय बोललं की कुणाला लागतं हे लोकांना शिकवण्याचा तिला पगार मिळतो. "मी यावेळी हेल्प करते," म्हणून तिनं माझी संहिता वाचायला नेली. परत आणली तेव्हा तिला इतक्या गुलाबी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या की मला वाटलं, सजवून आणली.

"मावशी, हा जो जाड्या मामा आहे, त्याला नाव नाहीये?"

"आहे की. जाड्या मामा."

"पण दॅट्स हिज बॉडी. नाव काय?"

आता आली का पंचाईत. मामांना आम्ही नावं ठेवली होती, नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मग सगळे कामाला लागले. 'धष्टपुष्ट' पैलवानासारखं वाटलं, 'गुटगुटीत' बाळासारखं. शेवटी 'खात्यापित्या घरचे मामा' यावर एकमत झालं. मामांचं काम आमचे हे करतात. ते म्हणाले, "खात्यापर्यंत ठीक आहे. पित्या काढा. समोर माझे डॉक्टर बसतात."

*

बापटांच्या मते हे सगळं अमेरिकन खूळ होतं. एका शनिवारी चहाचा कप हातात धरून त्यांनी लेकीला भाषणच दिलं. "आपली मराठी बघ. एक घाव दोन तुकडे. जे आहे ते आहे. लपवाछपवी नाही."

कोपऱ्यात माझ्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि एकही तालीम चुकवत नसत. त्यांनी वर न बघता विचारलं, "बापट, परवा तुमच्या बायकोची बांगडी फुटली, तेव्हा त्या काय म्हणाल्या?"

"बांगडी वाढवली म्हणाली."

"आणि संध्याकाळी दुकान बंद करतात ते?"

"दुकान वाढवतात."

"आणि आता तुम्ही घरी जाताना मला काय म्हणाल?"

बापटांचा आवाज बारीक झाला. "येतो म्हणेन."

केतकीचे डोळे मोठे झाले. "वेट, बांगडी ब्रेक झाली तर तुम्ही म्हणता ती वाढली?"

"अगं, बांगडीचं काय घेऊन बसलीस," सासूबाई म्हणाल्या. "ज्या रोगानं घरंच्या घरं रिकामी केली, त्याला आम्ही देवी म्हणायचो. घाबरून म्हणायचो, पण देवीच म्हणायचो."

केतकी बापाकडे वळली. "बाबा, यू गाइज आर सो मच वर्स दॅन एचआर!"

तरी बापट सहजासहजी हार मानणारे नव्हेत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे माणसाला नोकरीवरून काढलं की काय म्हणता?" केतकी म्हणाली, हल्ली 'ट्रान्झिशन झाला' म्हणतात. "आमच्याकडे नारळ देतात," बापट म्हणाले.

"म्हणजे गिफ्ट?"

"हो तर. आमची कंपनी जाताना काहीतरी हातावर ठेवते. तुमच्यात माणूस आपलंच सामान खोक्यात भरून नेतो."

*

पण केतकीची विकेट गेली ती वेगळ्याच चेंडूवर. सासूबाई जिना उतरून येत होत्या. केतकीनं धावत जाऊन हात दिला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाली, "आजी, तू इथे बस. तुला पाणी देऊ?"

माझ्या सासूबाईंना त्यांच्या सख्ख्या सुना अजून अहो-जाहो करतात, मी धरून. बापट तर चपापून लेकीला खुणा करायला लागले. तिच्या लक्षात आलं तेव्हा बिचारी कानापर्यंत लाल झाली. लोकांना सांभाळून बोलायला शिकवणारी पोर, आणि मराठीतल्या पहिल्याच पायरीवर घसरली होती.

"सॉरी, सॉरी. तुम्ही. आय मीन, तुम्ही बसा."

सासूबाई टेकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "राहू दे गं. देवाला आपण तूच म्हणतो." त्यानंतर सबंध उन्हाळा त्यांनी केतकीकडून 'तुम्ही' चालवून घेतलं नाही. मी एकदा सहज गंमत म्हणून 'तू' म्हणून पाहिलं. त्यांनी फक्त चष्म्यातून बघितलं. मी लगेच चहा करायला वर गेले.

*

सौरभ हा आमचा तरुण नट, वूस्टरला एमएस करतो. पोरगा गुणी, पण दर दोन वाक्यांना एक शिवी. ती तो रागानं देत नाही, श्वास घ्यावा तशी देतो. केतकीनं नियम केला की तालमीत शिवी नको, जो देईल तो सगळ्यांचे कप विसळेल. पहिल्या आठवड्यात माझे कप लखलखीत झाले.

दुसऱ्या आठवड्यात सौरभनं युक्ती काढली. शिवीच्या जागी भाजी! "अरे भोपळ्या, एंट्री चुकली." "काय हे घेवड्या, दार लाव ना." सगळे खूष झाले. केतकीनं टाळ्या वाजवल्या. मग एकदा बापट भलतंच वाक्य बोलले आणि सौरभच्या तोंडून निघून गेलं, "काय यार काका, पडवळ आहात अगदी."

बापट दहा मिनिटं बोलले नाहीत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "वहिनी, शिवी चालली असती. ती कुणालाही देतात. पडवळ त्यानं माझ्याकडे बघून निवडलं."

*

एका माणसाची ओळख करून द्यायची राहिली. ते स्वतः बोलत नाहीत म्हणून नेहमीच राहते.

सदानंद फडके आमचे प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक धरून बसतात आणि विसरलेल्याला वाक्य पुरवतात. सगळ्या नाटकातली सगळी कामं त्यांना पाठ असतात. त्यांना बोलताना अडखळायला होतं, अगदी लहानपणापासून. कुजबुजताना मात्र एकदाही अडखळत नाहीत, त्यामुळे हे काम त्यांना फार शोभतं, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर येतो. माझ्या प्रत्येक फार्समध्ये येतो. तो आला की सदानंदांची मान ताठ व्हायची आणि ओठ हलायला लागायचे, इन्स्पेक्टर काही विसरलेला नसला तरी. ते मी वर्षानुवर्षं पाहत होते. मला वाटायचं, किती मनापासून काम करतात.

आम्ही सगळे त्यांना फार जपायचो. 'तोतरा' हा शब्द त्यांच्यासाठी कुणी कधी उच्चारला नाही. ते बोलायला लागले की आम्ही लगबगीनं वाक्य पूर्ण करून द्यायचो, म्हणजे त्यांना कष्ट नकोत.

एकदा तालमीत जेवताना ते म्हणाले, "प... प..." तीन बाजूंनी तीन हात पुढे आले. कुणी पाणी दिलं, कुणी पोळी, कुणी पापड. त्यांनी सगळं घेतलं, सगळ्यांना मान लववली. पंखा बंद करा म्हणायचं होतं, त्यांची पानं उडत होती, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं.

*

आता खरं भांडण. माझ्या फार्समध्ये गणू नावाचा गडी होता, तोतरा. ते काम बापटांचं. "मा-मा-मालक" म्हणत ते आत आले की सगळी तालीम हसून लोळायची. केतकीची सगळ्यात मोठी गुलाबी चिठ्ठी गणूवर होती.

"बाबा, धिस वन हॅज टु गो. कुणाच्या स्पीचवर आपण हसतो?"

"अगं, माणसावर नाही, प्रसंगावर हसतात. चाळीस वर्षं नाटक करतोय मी."

तीन शनिवार हे चाललं. गणूला काढायचं की ठेवायचं, आणि ठेवायचं तर तोतरा म्हणायचं की आणखी काही. केतकीनं एक इंग्रजी शब्द आणला, तो इतका लांब होता की कुणालाही अडखळायला झालं असतं. बापटांनी 'खंडितवाणी' सुचवलं. सौरभ म्हणाला, हे पोर्टेबल रेडिओचं मॉडेल वाटतं. मी लेखिका असल्यामुळे माझी स्थिती अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती.

हे सगळं सदानंदांपासून चार फुटांवर. तिथं बसून ते पुस्तकाची पानं सरळ करत होते, आणि ज्याच्यावरून भांडण चाललं होतं त्याच्याकडे आमच्यापैकी एकानंही बघितलं नव्हतं. बघणं बरं दिसलं नसतं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी पुस्तक मिटलं. "म... मला..."

"चहा?" मी म्हणाले.

"मध्ये ब्रेक हवाय का, काका?" सौरभ म्हणाला.

त्यांनी हात वर केला, ट्रॅफिकचा पोलीस करतो तसा. आणि थांबले. आम्हालाही थांबवलं. फार वेळ गेला असं वाटलं. मग ते म्हणाले, "मला इ... इन्स्पेक्टरचं काम पाहिजे."

इन्स्पेक्टर सौरभ होता. तो लगेच म्हणाला, "घ्या ना काका, मला तसाही तो पट्टा घट्ट होतो." पण बापट पुढे सरसावले. "अहो सदानंद, शेवटचं वाक्य त्याचंच आहे. सगळं नाटक त्यावर उलगडतं. त्रास होईल तुम्हाला."

केतकी म्हणाली, "काका, ओन्ली इफ यू आर कम्फर्टेबल. कुणी प्रेशर करत नाहीये."

त्या उन्हाळ्यात बाप-लेकीचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"प्रेशर न... नाहीये," सदानंद म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणी वि... विचारलंच नाहीये."

मला फार वाईट वाटलं. आणि ते वाटत असतानाच मी मूर्खासारखी विचारून बसले, "मग गणूचं काय करू? ठेवू की काढू?"

सदानंदांनी क्षणभर विचार केला. "का... काढा. तो तोतरा आहे म्हणून नाही. त्याचे संवाद भ... भिकार आहेत."

माझ्या लेखनावर इतकी प्रामाणिक समीक्षा आजवर झाली नव्हती. सासूबाई वाती बाजूला ठेवून हसत होत्या.

*

गणू गेला. बापट रुसले, पण घरी बसवेना, म्हणून प्रॉम्प्टिंग मागून घेतलं. बापटांचा कुजबुजता आवाज वूस्टरपर्यंत जातो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नाटकाचा दिवस. शाळेचं ऑडिटोरियम भरलेलं. मामा खात्यापित्या घरचे दिसत होते, त्यांचे डॉक्टर दुसऱ्या रांगेत होते. सौरभ मामांचा भाचा झाला होता आणि तोंडातून एकही भाजी न काढता काम करत होता. केतकी माझ्या शेजारी विंगेत नखं खात उभी. समोरच्या विंगेत बापट, पुस्तक छातीशी धरून.

शेवटचा प्रवेश. घरावर तिघांनी हक्क सांगितलाय, खरा मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. सदानंद आले. टोपी, पट्टा, ताठ मान. पहिली दोन-तीन वाक्यं गेली, एक-दोन ठिकाणी अडली, सुटली. हॉलला काय करावं कळेना. हसावं की नाही, या विचारात सगळे अवघडून बसले होते.

मग ते वाक्य आलं. "या घराचा खरा म..."

आणि थांबलं.

"म..."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या रांगेत एका काकूंनी ओठ पुढे काढले, त्यांना मदत करायची होती. केतकीनं माझा दंड धरला. आणि समोरच्या विंगेतून बापटांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "मालक! सदानंद, मालक!"

सदानंद सावकाश विंगेकडे वळले. पट्ट्यात अंगठे खोचले.

"क... कोण आहे रे तिकडे? वाक्य माझं आहे. घ... घरून निघालंय. वाटेत आहे. पोचू दे."

मग सासूबाई हसल्या, मोठ्यानं, आणि त्यांच्यामागून सबंध हॉल. डॉक्टर उठून उभे राहिले. विंगेत बापट पुस्तकात तोंड लपवून हसत होते आणि डोळे पुसत होते.

सदानंदांनी घाई केली नाही. सगळं शांत होऊ दिलं, टोपी नीट केली आणि लोकांकडे वळले.

"या घराचा म... मालक मीच आहे."

इथे पडदा पडायचा होता. तो पडेना. बापट समोरून खुणा करत होते, केतकी मला हलवत होती. पडदा ओढायचं काम माझं होतं, आणि मी टाळ्या वाजवत होते.