होडीच्या पोटातलं लोखंड

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी शिडाची होडी घेतली. तीही जुनी, कुणा मुंबईवाल्यानं वापरून टाकलेली. गोंदियात माणूस रिटायर झाला की प्लॉटवर दोन खोल्या चढवतो, नाहीतर चौकात चहा पीत राजकारण करतो. ह्यांना पाण्यावरचं घर पाहिजे होतं. समुद्र इथून किती लांब आहे, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायचं का? विचारलं तर म्हणे, "बोदलकशाचा तलाव आहे ना!" घ्या. हौसेला मोल नसते म्हणतात. अक्कलही नसते, हे मी तेव्हा पाहिलं.

कुडव्याच्या आमच्या गल्लीत ती मावली नसती, म्हणून ट्रेलरवरून थेट कामठ्याला माझ्या खळ्यावर आणली. शेती माझी, बाबांकडून आलेली. धान मीच बघते, खळ्यावर काय ठेवायचं तेही मला विचारूनच ठेवतात. होडी मात्र न विचारता आली. विकणाऱ्यानं कागदावर लिहून दिलं होतं: चार माणसांची झोपायची सोय, स्वयंपाकघर, संडास. मी वाकून आत शिरले, कारण सरळ उभं राहायची सोय त्या कागदात नव्हती. पुढच्या टोकाचा पलंग तिकोनी, म्हणजे नवराबायकोची डोकी मोकळी आणि पाय एकावर एक. बाकीच्या दोन फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तर उठून बाहेर यावं. गादीला बुरशी. शेगडी झुलती. "लाटेवर होडी हलली तरी भाजी सांडत नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "बोदलकशात लाट म्हशी उतरल्या का येते. तेवढ्यासाठी झुला कायले पाहिजे?" संडासात तर बसल्या बसल्या हापसा मारायचा. अर्धं आयुष्य हापशावर गेलेल्या बाईला हे सुख नव्यानं द्यायला निघाले होते.

शिडाला तीन ठिगळं होती. मागची मोटर खोकत सुरू व्हायची आणि न खोकता बंद पडायची. होकायंत्र हे रोज फडक्यानं पुसायचे. ज्या तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या बकऱ्या दिसतात, तिथं दिशा चुकायला वेगळीच बुद्धी लागते. पण माणूस खुश होता. जन्मभर काउंटरमागं बसून दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, आता सकाळी उठल्या उठल्या शीळ घालायचे. त्याचाच मला जास्त राग यायचा. माझ्यासोबत इतकी वर्षं काढली, तेव्हा कधी शीळ सुचली नव्हती.

मग हे परवानगीसाठी ऑफिसांचे उंबरठे झिजवायला गेले आणि मी होडी झाडायला घेतली. तळाच्या फळ्यांचे स्क्रू काढले तर खाली लोखंड! विटेएवढे वीस ठोकळे, ओळीनं बसवलेले. माझ्या लगेच लक्षात आलं. पोत्यात खडे घालून वजन वाढवणारे मी लहानपणापासून बघत आले; कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय मी कुणाचं बियाण्याचं पोतं घेत नाही. मुंबईवाल्यानं तेच केलं होतं. घरचं भंगार पोटात भरून भारी माल म्हणून गळ्यात मारला. ठोकळे मी बाहेर काढले, फळ्या होत्या तशा बसवल्या, स्क्रू नुसते हातानं फिरवले. मागच्या कोपऱ्यातल्या धानाच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं उडत होती, तिच्या कडांवर ते ठेवले आणि वर धानाची वाळली तणीस टाकली. तिकडे हे कधी फिरकत नाहीत. ह्यांना काही बोलले नाही. तुम्हाला कसं उल्लू बनवलं, ते चारचौघांत सांगायचं, असं मनात होतं.

दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला माझी ननद आणि तिचा नवरा आले होते. दुसऱ्या दिवशी सगळे बोदलकशाला गेलो. नारळ फोडला, होडी पाण्यात उतरली. काठावर मासे धरणारा एक म्हातारा ढिवर बराच वेळ बघत होता. मला म्हणाला, "बाई, हा डोंगा लयच वर तरंगून राहिला."

"मुंबईचा आहे, असाच असते," मी म्हटलं. जसं मला सगळं कळत होतं!

तेवढ्यात ननदेनं ह्यांना विचारलं, "दादा, उलटली तं?"

हे हसले. "उलटतच नाही ना. पोटात लोखंड आहे. कितीबी आडवी झाली तरी ते तिले सरळ करते. त्याच्याच भरोशावर जाऊन राहिलो, मले पोहता कुठं येते?"

थांबा, एवढा एक शब्द बोलायचा होता. पण बाजूला ननद उभी. "वहिनीले लय अक्कल" हे तिचं जन्माचं पालुपद. तिचा नवरा मोबाइल धरून शूटिंग करत होता. त्यांच्यासमोर मी सांगू, की ते भंगार समजून मीच काढलं? वाटलं, वारा कुठं आहे, एक चक्कर मारून येतील. उद्या गुपचूप जागेवर ठेवू. मी फक्त म्हटलं, "ते केशरी जॅकेट घाला."

"जोकर दिसते त्याच्यात."

"घाला म्हणते ना!"

घातलं बापड्यानं. आणि होडी निघाली. खोटं कशाला बोलू, छान निघाली. मोटर बंद केली, शीड भरलं आणि आवाज न करता ती सरकत गेली. हे सुकाणू धरून ताठ बसले होते. मग डोंगराकडून वाऱ्याचा एक झोत आला. होडी कलली. ह्यांनी हात वर करून आम्हाला दाखवलं, घाबरू नका म्हणून. ती सरळ होईल याची ते वाट बघत होते. ती आडवीच झाली.

त्या म्हाताऱ्यानंच डोंगा घालून ह्यांना ओढून आणलं. काठावर पाणी ओकत हे पहिलं वाक्य बोलले, "फळ्यांचे स्क्रू मीच नीट कसले नसतील. लोखंड सुटून तलावात गेलं." आतल्या फळ्या खरंच पाण्यावर तरंगत होत्या. ननद म्हणाली, "दादाले झेपत नाही तं काऊन करावं?" मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामठ्याला जाऊन मी वीसही ठोकळे एकटीनं बुजत आलेल्या विहिरीत टाकले. आठ दिवस कंबर धरली होती. मी घाबरल्यानं आजारी पडले असं ह्यांना वाटलं. रोज तेल लावून दिलं, आणि दर वेळी म्हणायचे, "माझ्यापायी तुले त्रास."

होडी ओढून काढली तेव्हा लोकांनी सांगितलं, दुसरं लोखंड टाका. हे ऐकत नाहीत. स्वतःच्या हातावरचा भरोसाच गेला आहे. ते लोखंड खरंच तिथं पडलं का, हे एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणतात. उन्हाळ्यात बोदलकशाचं पाणी मागं सरकतं, तेव्हा सब्बल घेऊन जातात आणि चिखल टोचत फिरतात. ढिवरांना त्याची सवय झाली आहे. मी डबा भरून देते.

यंदा मे महिन्यात दुपारीच परत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर हसू. पिशवीतून गंजानं फुगलेला लोखंडाचा एक तुकडा काढून ओट्यावर ठेवला. कुठल्या जुन्या गेटचा असेल, नाहीतर बैलगाडीचा. ठोकळे त्यांनी होडी घेताना एकदाच पाहिले होते. मी वीसही हातात घेतले होते.

"होडी झाडली तेव्हा तू पाहिले असशील ना? सांग, हेच ना?"

मी म्हटलं, "हो, हेच."

"मंग बाकीचे एकोणीस बी तिथंच असतील," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.