पहिल्या घागरीचं काम

तुमच्या फोटोत धाकटी पार्कमध्ये कुत्र्यामागे वाकली आहे, हातावर पिशवी चढवलेली. खाली लिहिलंय, 'आजी, घाण वाटली ना?' नाही वाटली. हे काम मीही केलं आहे, लातूरला. मात्र तिथे कुत्र्यामागे कोण वाकतं यावर बरंच काही ठरत होतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नांदेडला बी. ए. करून मी लग्नानंतर तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या नव्या कॉलनीला एक बाग मिळाली, पण झाडं मूळ धरण्याआधीच दुष्काळ पडला. हिरवळ जळून गेली. कामाचा उरला तो कोपऱ्यातला हापसा. पहाटे त्याला थोडा वेळ पाणी यायचं, मग नुसती हवा. म्हणून बायका संध्याकाळीच घागरी रांगेत मांडून ठेवत. घागर उभी म्हणजे माणूस उभं. तिला कुणी हलवत नसे.

त्या ओलीला एक तांबडं, कान फाटलेलं कुत्रं यायचं. भाकर चार दारी खायचं, बसायचं मात्र आमच्या दारात. तुमच्या आजोबांच्या आई, माझ्या आत्याबाई, जळकोटकडच्या खेड्यातून आलेल्या. कॉलनीत त्या कुणाशी बोलत नसत, त्या कुत्र्याशी बोलत.

कुत्रं घाण करायचं ते नेमकं घागरींच्या मधे. एकदा एका घागरीचं बूड घाणीनं भरलं. घासायला पाणी कुठलं? भांडणं झाली. कॉलनीच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलं, "पुन्हा घाण दिसली की कुत्र्यांची गाडी बोलावणार." त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे. आत्याबाईंनी त्या संध्याकाळी आपली अर्धी भाकर त्याला घातली.

मी तेलाचा डबा कापून सुपडं केलं. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन घाणीवर राख टाकायची, सुपड्यात घ्यायची, कुंपणाकडेला पुरायची. दोन-तीन दिवस कुणाला कळलं नाही. मग समोरच्या बंगल्यातल्या वहिनींनी पाहिलं.

"बरं केलंत, बाई," त्या हसून म्हणाल्या. "नाहीतरी तुमच्या लोकांना सवय असते."

रांगेत कुणी हसलं नाही. हापशाचा दांडा चालूच राहिला. पण फाटकाशी आत्याबाई उभ्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातातलं सुपडं काढून घेतलं. "गावातली मेलेली ढोरं माझ्या सासऱ्यांनी ओढली. दीक्षा घेतली तवा सोडलं. गावानं मजुरी बंद केली, तरी हात लावला न्हाई. अन् तू इंग्रजी शिकून तेच करायलीस?"

"मी नाही उचललं तर कुत्रं जाईल, आत्याबाई."

"जाऊ दे."

असं म्हणताना त्यांचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता.

मी रात्री फारसं झोपले नाही. पहाटे सुपडं पुन्हा घेतलं, बागेत गेले आणि रांगेतल्या पहिल्या घागरीला टेकवून ठेवलं. घागर त्या वहिनींचीच होती. हापशाच्या पायथ्याशी घाण होतीच.

"कुत्रं सगळ्यांची भाकर खातं," मी म्हटलं. वर्गात निघतो तसा आवाज निघाला. "ज्याची घागर पहिली, त्यानं आधी उचलायचं. मग पाणी."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "आमची झाडणारी आली की उचलेल."

"ती येईस्तोवर पाणी थांबतंय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग नंबर सोडा, वहिनी. जावा मागं," दुसरी म्हणाली.

"मागं का जाऊ? काल दिवस मावळायच्या आधी ठेवली मी घागर!"

"मग उचला की! तुमच्याच मटणाच्या हाडकांवर माजलंय ते."

बायका हसल्या, पण हापशाच्या दांड्याला कुणी हात लावला नाही. उजाडत होतं. एवढ्यात सेक्रेटरी रस्त्याच्या वळणावर दिसले. क्षणभराचं काम होतं, माझा हात सुपड्याकडे गेलासुद्धा. मग फाटकाकडे लक्ष गेलं. आत्याबाई खाली बसून कुत्र्याला मानेशी धरून होत्या, आणि माझ्याकडे बघत होत्या. मी हात पदराखाली घेतला.

वहिनींनी नाकाला पदर लावला. सुपडं दोन बोटांत धरलं, ते कलंडलं, पुन्हा नीट धरलं. तणतणत कुंपणापर्यंत गेल्या.

"वहिनी, तुम्ही?" सेक्रेटरी फाटकातच थांबले.

"हो, मीच! बघत काय राहिलात? हापसा कुणीतरी!"

त्या दिवशी पाणी माझ्या घागरीपर्यंत पोचलं नाही. घरी रांजणाच्या तळाशी होतं त्यातलंच आत्याबाईंनी कुत्र्याच्या करवंटीत ओतलं.

गाडी आली नाही. सुपडं पुढे रोज पहिल्या घागरीला टेकलेलं असायचं, आणि ठेवणारी मी नसायची. मग एका पहाटे आमची घागर पहिली आली. मी घुटमळले. आत्याबाई मागेच होत्या.

"उचल," त्या म्हणाल्या. "आता नंबराचं हाय."