कोंडवाड्याच्या जागेवर सहा खोल्या

नर्सबाईंची ट्रंक दाऊंच्या भिंतीवरून रस्त्यात येऊन आपटली, तेव्हा मी शाळेतून परत येत होते. ट्रंकेमागून स्टोव्ह आला, मग सुया उकळायचं भांडं, मग अंथरूण. शेवटी नर्सबाई स्वतः आल्या, वेणीला धरून ओढलेल्या. दाऊंच्या थोरल्या मुलानं त्यांना उंबऱ्याबाहेर ढकललं आणि पाठीत लाठी घातली. त्या वाकल्या तसं त्यानं आणखी दोनदा घातली.

दाऊ म्हणजे गावचे मोठे जमीनदार. झाशीहून बबीन्याकडे जाणाऱ्या बसमधून उतरून कोसभर चाललं की ते गाव लागायचं. वीज नुकती आली होती. बाहेरून नोकरीला आलेल्या माणसाला भाड्यानं राहायला एकच जागा होती, दाऊंच्या अंगणाच्या कडेच्या खोल्या. शाळेत शिकवणारी मी, सरकारी नर्सबाई, विजेचा लाइनमन, सगळे तिथेच. दाऊंच्या मनात आलं की ठेवायचं, मनातून उतरलं की काढायचं. त्या दिवशी नर्सबाईंचा गुन्हा असा होता की त्यांनी गावाच्या खालच्या वस्तीत एका बाईचं बाळंतपण केलं होतं आणि तसंच डागाळलेलं लुगडं नेसून त्या अंगणात आल्या होत्या. त्या वस्तीचं रक्त आमच्या अंगणात येणार नाही, असं दाऊंचं म्हणणं.

माझा हात पहिल्यापासून चटकन उठतो. शाळेत मी छडी चालवत असे आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते. मी पिशवी खाली ठेवली, पुढे गेले आणि दाऊंच्या थोरल्याच्या थोबाडीत दिली. बाईमाणसाकडून मार खायची त्याला सवय नसावी, कारण क्षणभर तो नुसता बघत राहिला. मग त्यानं माझ्या कोपरावर लाठी मारली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. ते कोपर आजही पुरतं सरळ होत नाही.

त्यानंतर आम्ही दोघी शाळेच्या वर्गात राहायला लागलो. हाताला प्लास्टर घालायला मी झाशीला गेले तेव्हा दादाकडे उतरले. आमचं घर ओरछा गेटच्या आत. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, हे आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला चहाच्या आधी सांगितलं जाई. तलवार केव्हाच गेली होती, चढेल नाक तेवढं शिल्लक होतं आणि ते सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला आलं होतं. दादा म्हणाला, "बदली मागून घे. तुझी ही दादागिरी तिकडे नाही चलणार, समझलीस?" वहिनी म्हणाली, "इथंच राहा की, वन्सं. हे तुमचंच तर घर आहे." ते तिनं ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज ऐकून मी दुसऱ्याच दिवशीची बस धरली.

गावात परत आले तर प्रधानजींनी सभा बोलावलेली. प्रधानजी म्हणजे गावचे सरपंच, म्हातारे, मितभाषी. नर्सबाई यायच्या आधीच्या वर्षी त्यांची सून बाळंतपणात गेली होती. ते एवढंच म्हणाले, "नर्सबाई चली गईं तो फिर वही होगा." बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीच्या घरात असं एखादं मरण होतं. मग गावाच्या मालकीच्या खोल्या बांधायचं ठरलं. जागा जुन्या कोंडवाड्याची, जिथं पूर्वी मोकाट गुरं डांबत. ती गावसमाजाची होती, दाऊंची नव्हती. दगड खाणीचा, छताला दगडी फरशा, मजुरी प्रत्येक घरातून. भाडं सभा ठरवणार आणि कोणाला बाहेर काढायचं झालं तर तेही सभाच ठरवणार, सगळ्या गावासमोर.

नकाशा कागदावर काढला असता तर दोघांतिघांनाच कळला असता. म्हणून मी शाळेतला चुना घेऊन तो जमिनीवरच काढला, खऱ्या मापाचा. एक खाट इकडे घातली, एक तिकडे, मध्ये चूल, की झाली एक खोली. अशा सहा. लोक चुन्याच्या रेघांत जाऊन उभे राहत आणि खिडकी कुठं, मोरी कुठं यावर भांडत. कोणी विचारलं पाणी कुठून येणार, कोणी विचारलं जनावर बांधता येईल का. एक बाई शेवटच्या खोलीत बराच वेळ उभी होती. ती म्हणाली, "बहनजी, कुंडी भीतर से लगेगी न?" दाराची कडी आतून लागेल ना, एवढंच तिला हवं होतं.

ती खाणीवर दगड फोडायची. गाव तिला खाणीवालीच म्हणे. तिचा नवरा प्रधानजींचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि गावात ट्रॅक्टर तेवढाच. तो ट्रॅक्टरच्या पंख्याच्या जुन्या पट्ट्यानं तिला मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्या मानेवरचे वळ कोणालाही दिसत. त्या दिवशी तिचा प्रश्न ऐकून तो रेघ ओलांडून आत आला आणि हसत हसत तिचा हात मागं पिरगळला. ती टाचा उचलून उभी राहिली, ओरडली नाही. प्रधानजी दुसरीकडे बघू लागले. पेरणी तोंडावर होती, ट्रॅक्टरला ड्रायव्हर लागत होता. मी म्हटलं, "घरचं भांडण घरी करा. इथं कामाचं बोला." मी असं म्हटलं हे मला आठवतं, कारण नंतर ते विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

मग दाऊंनी नवी चाल काढली. त्यांनी निरोप पाठवला की खोल्या होऊ देत, आमचे सहा पुतणे आहेत, सहाही घेतील. गावसभेत त्यांनाही हक्क होता, ते गावचेच. माझं डोकं फिरलं. मी सभेत उभी राहून म्हटलं की एक नियम लिहू या, ज्या कुटुंबाचं गावात घर आहे त्या कुटुंबातल्या कोणालाही खोली मिळणार नाही. काही झालं तरी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई मात्र हळूच म्हणाल्या, "बहनजी, थोडी गुंजाइश रखिए. सभेला वाटलं तर देता येईल, असं लिहा." मी त्यांनाच झापलं. फट ठेवली की त्यातून साप आत येतो, म्हटलं. तो नियम मी स्वतः लिहिला, झाशीच्या सदर बाज़ारातून टाइप करून आणला आणि शाळेच्या दारावर खळीनं चिकटवला. येता-जाता वाचत असे. इतकं चोख मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं.

पुतण्यांची वाट बंद झाल्यावर दाऊंकडे लाठीच उरली. भिंती गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. सकाळी दाऊंचे दोन्ही मुलगे सात-आठ माणसं घेऊन आले, हातात लाठ्या आणि पहारी. त्यांनी पहिला कोपरा उखडला तेव्हा खालच्या वस्तीतला एक म्हातारा आडवा आला. पहारीच्या मुठीचा तडाखा त्याच्या तोंडावर बसला आणि दात चुन्यात पडले. मग कोणी कोणाला आवरायच्या भानगडीत पडलं नाही. दगड तर हाताशी रचलेलेच होते. लाइनमनचं डोकं फुटलं. नर्सबाईंनी पोलादी थाळी ढालीसारखी धरली आणि तिच्यासकट त्यांची बोटं चेंगरली. माझा एक हात गळ्यात बांधलेला, तरी मी दुसऱ्यानं दगड मारले आणि एक दाऊंच्या धाकट्याच्या कानशिलावर बसला तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अजूनही होतो.

थोरला माझ्यावर धावून आला. त्याची लाठी वर गेली होती. खाणीवाली कुठून आली कोण जाणे, तिनं घणाचा दांडा आडवा घातला आणि त्याच्या मनगटावर असा हाणला की मनगट दुसऱ्याच दिशेला लोंबायला लागलं. तो खाली बसला आणि गुरासारखा ओरडला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, दांडा खांद्यावर, आणि म्हणाली, "और कोई?" और कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी रीतीप्रमाणे आधी खालच्या वस्तीतल्या पुरुषांना बदडलं, मग विचारलं काय झालं. पुढं दोन्हीकडून अर्ज झाले, तडजोड झाली. दाऊंचा थोरला डाव्या हातानं जेवायला शिकला. आमच्या भिंती चढल्या, फरशा बसल्या, दारं लागली.

खोल्या वाटायच्या दिवशी सगळं गाव कोंडवाड्याच्या जागेवर जमलं होतं. पहिली खोली नर्सबाईंना, दुसरी मला, तिसरी लाइनमनला, चौथी आणि पाचवी खाणीवर बाहेरून आलेल्या दोन कुटुंबांना. सहावी मोकळी होती. मी नावं वाचत असतानाच खाणीवाली आली. तिचा खालचा ओठ मधोमध फाटला होता, डोळा सुजून बंद झाला होता आणि काखेत कपड्यांचं एक बोचकं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "छठी हमें दे दो, बहनजी. भाड़ा देंगे. हम कमात हैं."

तिचा नवरा मागं, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. मी प्रधानजींकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते. नर्सबाई माझ्याकडे पाहत होत्या. खालच्या वस्तीतला तो दात पडलेला म्हातारासुद्धा. मी हो म्हटलं असतं तर एकानंही नाही म्हटलं नसतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. पण गर्दीच्या कडेला दाऊंचा एक पुतण्याही उभा होता, हाताची घडी घालून. हिला दिली की उद्या तो मागणार. आणि शाळेच्या दारावर माझं चोख लिहिलेलं पान होतं.

मी नियम वाचून दाखवला. तुझ्या कुटुंबाचं गावात घर आहे, म्हटलं.

"घर तो उनको है," ती म्हणाली.

घर त्याचं, तिचं नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ओरछा गेटच्या आतलं एक घर असंच माझंही होतं. तरी मी म्हटलं, "नियम सबके लिए एक है."

मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, अगदी आदबीनं. "बहनजी ने सही कही." तो पुढं आला, तिच्या काखेतलं बोचकं काढून घेतलं आणि चालू लागला. ती त्याच्यामागून गेली. मी पुढचं काम हातात घेतलं, आणि काम असं काही नव्हतंच, वाटप संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच नर्सबाईंना बोलवायला धावत आला. ती चुलीपाशी पडली होती. डावा हात दोन ठिकाणी मोडलेला, बरगड्या आत गेलेल्या, डोक्यामागं केसांत रक्त थिजलेलं. भिंतीवरही होतं, माणसाच्या उंचीवर. त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. गाव सोडून पळून जाईन, असं ती म्हणाली म्हणून. नर्सबाईंनी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, झाशी. आत्ता.

आणि झाशीला न्यायला गावात एकच वाहन होतं.

तर त्यानंच नेलं. ट्रॉलीत गवत पसरून आम्ही तिला ठेवलं. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले, नर्सबाईंनी मोडका हात धरला. तो पुढं बसून ट्रॅक्टर हाकत होता आणि रडत होता, मोठ्यानं, हुंदके देत. "मर न जाए, बहनजी, मर न जाए," असं मागं वळून मला म्हणत होता. प्रत्येक खड्ड्यात तिच्या तोंडातून रक्त माझ्या मांडीवर येत होतं. माझ्या पायाशी ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी पडली होती आणि त्याची मान हाताच्या अंतरावर होती. मी ती टॉमी उचललीसुद्धा. नर्सबाई म्हणाल्या, "मग चालवणार कोण?" मी ती खाली ठेवली. सबंध रस्ताभर मी त्याला शिव्या घातल्या आणि तो प्रत्येक शिवीला "हओ बहनजी" म्हणत राहिला.

ती वाचली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चांगला होता तो डोळा उघडला. मी रात्रभर तिथंच होते. आदल्या संध्याकाळी मी प्रधानजींना निरोप धाडला होता की नियम रद्द, सभा नंतर बोलवा, आणि त्यांचा होकारही आला होता. मी खाली वाकून तिला सांगितलं, "छठी खोली तुम्हारी है. पक्की. मैं कह रही हूँ, सबसे कह दिया है."

तिनं जीभ ओठावरून फिरवली आणि विचारलं, "तो ऊ दिना काए नईं कई, बहनजी?"

रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. त्या दिवशी मीच होते, खोलीही तीच होती, मोकळी होती. मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत, एवढंच तिला हवं होतं. उत्तर मला माहीत होतं. सगळे बघत होते आणि नियम माझा होता. हे त्या खाटेवरच्या बाईला कोणत्या भाषेत सांगायचं? मी चमच्यात पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पाणी उशीवर सांडलं.