सोडायचं न्हाय

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तरी आप्पा माझी बॅग खाली ठेवेनात. खांद्यावर घेऊन तसेच उभे. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. आई म्हणाली, द्या की आता तिची तिला. तरी पट्टा मुठीतच. शेवटी मी तो अक्षरशः हिसकावून घेतला आणि आत चढले. "येतो आप्पा," म्हणाले. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, हे मेलबर्नातल्या पुणेकर मैत्रिणींना अजून सांगावं लागतं. आप्पा 'ये' म्हणाले नाहीत. खिडकीखालून गाडीबरोबर चालत एवढंच म्हणाले, "धरलंस की सोडायचं न्हाय."

माझ्या वडिलांचं हे वाक्य मी सातवीपासून ऐकत आले होते. कुरुंदवाडात आमची शेती आणि चार म्हशी, खरं आप्पांचा जीव कबड्डीत. सकाळी डेअरीला दूध घालून आले की आम्हा पोरींना मैदानात घ्यायचे. लोक नावं ठेवायचे, ठेवू देत. मी चढाईला जायची. समोरच्या चौघींनी पाय धरले, कमरेला मिठी मारली, तरी दम न सोडता अंग ओढत मधल्या रेषेकडं यायचं. बोटाचं टोक रेषेला लागलं की मी वाचले आणि त्या चौघी बाद. बाहेरून आप्पा ओरडायचे, "रेष गाठ! सोडू नको!" गुडघे सोलून निघायचे. आई हळद भरायची आणि आप्पांवर डाफरायची. आम्ही जैन, म्हणून संध्याकाळी ती मला दिवस बुडायच्या आत जेवायला बसवायची.

खरं सांगते, मेलबर्नला मी खेळायला आलेच नव्हते. फिजिओथेरपी शिकायला आले होते. वर्गातली जेस मला एकदा पार्कातल्या क्लबात घेऊन गेली आणि तिथं मी हा इथला फुटबॉल पहिल्यांदा पाहिला. लंबगोल बॉल हातात घेऊन पळायचं, लाथेनं उडवायचा नाहीतर मुठीनं ठोसून सोबतिणीकडं द्यायचा, आणि समोरचीला धरून खाली पाडायचं. पाडायचं म्हटल्यावर मला माहेरच भेटलं की! तीन वर्षांत जेसला आणि मला मोठ्या क्लबनं बोलावलं. पगार, किट, पाठीवर आडनाव. त्या आडनावाचा उच्चार अजून कुणाला धड जमत नाही, ते जाऊ दे. करार एका हंगामाचा होता आणि माझा व्हिसाही त्यालाच बांधलेला. ठेवलं तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची.

आणि इथंच माझं घोडं अडलं. या खेळात बॉल घेऊन पळताना कुणी धरलं की तो लगेच सोडावा लागतो. नाही सोडला तर पंच शिट्टी मारतो आणि बॉल समोरच्यांना देतो. पार्कात मला कुणी धरूच शकत नव्हतं, म्हणून ते झाकून गेलं होतं. इथं दोघी-तिघी एकदम अंगावर यायच्या. मी बॉल पोटाशी आवळायची आणि त्यांना ओढत गोलपोस्टकडं निघायची. अख्खं स्टेडियम "बॉऽऽल" म्हणून ओरडायचं आणि पाठोपाठ शिट्टी वाजायची. पुढं पुढं ती ओरड कानावर आली की मी बॉल आणखीच आवळायची. सरावात शंभरदा सोडायची, सामन्यात एकदाही नाही. अंगाला लागलेली सवय, डोक्याचं ऐकते कुठं?

शेवटच्या सामन्याआधी केटनं, आमच्या कोचनं, बाजूला घेतलं. म्हणाली, आज पुन्हा बॉल धरून बसलीस तर पुढच्या वर्षीसाठी मी तुझी बाजू घेऊ शकणार नाही. आवाज जराही चढवला नव्हता तिनं, म्हणून मी जास्त घाबरले. घरी यातलं काही बोलले नव्हते. सामना इथं दुपारी, म्हणजे तिकडं सकाळी. आप्पा डेअरीतल्या सगळ्यांना गोळा करून फोनवर बघत बसणार, हे मला ठाऊक होतं.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. आम्ही तीन गुणांनी मागं, गोलला सहा मिळतात. बॉल माझ्या हातात आला आणि मी सुटले. गोल दहा पावलांवर असताना एकीनं कमरेला मिठी मारली, दुसरीनं मांड्या धरल्या. कोपरापासून पुढचे हात तेवढे मोकळे. ओरड सुरू झाली. त्या ओरडीतही मला आप्पांचाच आवाज येत होता, रेष गाठ, सोडू नको. आणि मला वाटत होतं, पोचेन मी. आईशपथ वाटत होतं! डावीकडं जेस एकटी उभी होती. मी बॉल तिच्याकडं ठोसला आणि तोंडावर पडले. तोंडात गवत. वर बघायचा धीर होईना. मग जेसच अंगावर येऊन पडली, तेव्हा कळलं की गोल झाला.

त्या आठवड्यात नवा करार आला, दोन वर्षांचा. मी घरी फोन लावला. आई आधी जेवणाचं बोलली. इथं उन्हाळ्यात दिवस पावणेनऊला बुडतो म्हटल्यावर म्हणाली, मग तवर खा की. मग फोन आप्पांकडं गेला.

"दोन वर्सं?"

"व्हय आप्पा."

मागून म्हैस रेकली. डेअरीतले लोक जिंकल्याचे पेढे मागून गेले असतील, आणि आप्पांनी ते हसून वाटलेही असतील. मला एकदम त्यांची बॅगेच्या पट्ट्यावरची मूठ दिसली. इतकी वर्षं मी त्या हिसकावण्याचा विचारच केला नव्हता.

"बॉल बरोबर टाकलास," आप्पा म्हणाले. "मी असतो तर सोडला नसता."

मी नाक ओढलं. राहते कुठं, तर मेलबर्नात. घर कुठं विचारलं की अजून तोंडातून कुरुंदवाडच येतं, आणि आता ते घर दोन वर्षं लांब गेलं होतं.

"रडू नको," ते म्हणाले. "दम धर. रेष हितंच हाय, कुठं जात न्हाय."

फोन आधी कुणी ठेवायचा, हे काही आम्हाला ठरवता येईना.