दीपमालाच्या दोन एज

माझी मुलगी दीपमाला बर्फावरच्या उंचवट्यांवरून फळ्या पायाला बांधून खाली येते. याला मोगल स्कीइंग म्हणतात. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते तोंडपाठ झालं आहे, पण कळलं आहे असं म्हणता येणार नाही. जठारपेठेतल्या आमच्या शेजारीण माणिकबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, "मोगल त गेले ना कवाचेच." हा शब्द कुठून आला ते मलाही माहीत नव्हतं.

ती जन्मली बार्शीटाकळीला, माझ्या माहेरी. वाढली अकोल्यात, जिथे मे महिन्यात नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. तिचे वडील संघपाल वीज कंपनीत लाइनमन आहेत. खांबावर चढणारा माणूस, पण मुलगी चिखलदऱ्याला एनसीसीच्या शिबिरात दोरावरून उतरली तेव्हा फोटो अर्धवट बघून त्यांनीच मोबाइल उलटा ठेवला होता. अमरावतीच्या कॉलेजात असताना एनसीसीतूनच तिची काश्मीरला चौदा दिवसांच्या कोर्ससाठी निवड झाली. गुलमर्गहून परत आली ती नाक सोललेलं घेऊन. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा गेली. तिसऱ्या हिवाळ्यात म्हणाली, तिथेच नवशिक्यांना शिकवायचं काम मिळतंय आणि महाराष्ट्राच्या संघाची चाचणी आहे. मी बी.ए. झालेली बाई, हे सगळं कशासाठी ते विचारायला हवं होतं. मी विचारलं, "तिथं जेवाले काय भेटते?"

चाचणीच्या चार दिवस आधी तिचा आवाजी निरोप आला. मागे वारा होता, आवाज तुटत होता. मी तो सहा वेळा ऐकला.

"आई, सर म्हणाले एजचाच प्रॉब्लेम हाये. माझ्या दोन्ही एज जुळून नाई राहिल्या. चार दिवसात एज सुधारली नाई त टीममधून नाव जाते. तू टेन्शन घेऊ नको."

माझ्या हातून पोळीचा उंडा परातीत पडला.

कारण दीपमालाची वयं खरोखरच दोन आहेत, आणि ते मी आणि संघपाल सोडून कोणालाच माहीत नव्हतं. तिलासुद्धा नाही.

ती जन्मली सत्तावीस फेब्रुवारीला. शाळेत घालायच्या वेळी मला एका कार्यालयात कंत्राटी नोकरी लागली होती, घरी तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं आणि पहिलीसाठी तिचं वय आठ महिने कमी पडत होतं. शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींना मीच विनंती केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आदल्या वर्षीचा अकरा जून लावला. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं जूनमध्येच जन्मलेली असत. मला वाटलं, एक वर्ष वाचलं. पोरीच्या तोंडून चुकून निघू नये म्हणून वाढदिवसही जूनमध्येच करू लागलो. पुढे आधार कार्ड, दहावीची सनद, कॉलेज, एनसीसी, सगळीकडे अकरा जून पसरला. म्हणजे कागदावर ती एकवीस पूर्ण, आणि खरी वीस. तिथे एकविसाची काही मर्यादा असणार आणि कोणीतरी मूळ दाखला काढला असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

संघपालना सांगितलं तर म्हणाले, "मी तवाच म्हनलो होतो."

"काय म्हनले होते तुमी?"

"हेच. नको करू म्हनून."

असं ते काहीही म्हणाले नव्हते. शाळेत नाव लागलं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते.

तिला फोन लागेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बार्शीटाकळीची बस धरली. जन्मनोंदीच्या खिडकीवर चंद्रभान नावाचे गृहस्थ होते, माझ्या भावाच्या वर्गातले. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबले.

"हे पाहा, सत्तावीस फेब्रुवारी, स्त्री. बरोबर हाये की. मंग घाबरून काहून राहिल्या ताई?"

"शाळेत जून लागला."

"अस्सं. लोकं म्हणतात, बाया वय कमी सांगतात. तुमी पोरीचं वाढवून ठेवलं." त्यांनी शिक्का मारला. "लगन जुळून राहिलं का?"

"नाही. बर्फावर घसरायची परीक्षा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे पाहिलं, आणि दाखला पुढे सरकवला.

बसस्टँडवरच मी दाखल्याचा फोटो काढून दीपमालाला पाठवला. खाली लिहिलं की चूक माझी आहे, सरांना मूळ कागद दाखव, गरज पडली तर प्रतिज्ञापत्र करते. अकोल्यात उतरत होते तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर हेल्मेट, गालांवर लाल चट्टे.

"आई, हे काय पाठवलं तू?"

"तुझी एज सुधारून आणली."

ती हसायला लागली. इतकी हसली की फोन हलून मला आधी आभाळ दिसलं, मग तिचे बूट.

"आई, एज म्हणजे वय नाई वं. एज म्हणजे फळीची कड."

रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ऐकत होते. फळीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड असते. गुडघे आणि घोटे कलले की ती बर्फात रुतते आणि वेग आवरता येतो. मोगल म्हणजे बर्फाचे कमरेएवढे उंचवटेच उंचवटे, एकाखाली एक. त्यांच्यामधून वळताना दोन्ही पायांच्या कडा एकाच वेळी, एकाच कलाने रुतायला हव्यात. तिची डावी उशिरा रुतते, फळी सरकते आणि पुढचा उंचवटा अंगावर येतो. सर म्हणतात, त्याचं मूळ पायात नाही, कमरेत आहे. भीती वाटली की ती मागे रेलते. मागे रेललं की नडगी बुटाच्या पुढच्या बाजूपासून सुटते आणि कडेवर वजनच राहत नाही.

"मंग काय करायचं?"

"पुढं झुकायचं. हात समोर, दिसतील असे. छाती उताराकडं. चढ आला की गुडघे वर घ्यायचे, उतार आला की पाय लांब करायचे. डोकं एका उंचीवर राह्यलं पायजे."

"उताराकडं झुकून पडणार नाही का तू?"

"नाई झुकली तर पडते."

हे मला अजून समजलेलं नाही. मी म्हटलं, "परवा पाठवलेल्या व्हिडिओत तू मागंच रेलली होती, मीपण पाहिलं. लाल जाकीटवाली."

"ती उत्तराखंडची हाये. मी मांगची, निळ्या जाकिटातली."

तो व्हिडिओ मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

मला जरा हलकं वाटत होतं, तेवढ्यात तिचा चेहरा बदलला. तिने फोन जवळ घेतला, बहुतेक तो फोटो पुन्हा पाहिला.

"थांब. ह्याच्यावर फेब्रुवारी काहून हाये?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे अकरा जून खोटाच हाये?" आणि फोन बंद झाला. रेंज गेली की तिने कापला, हे मला कळलं नाही.

पुढचे दोन दिवस ना फोन, ना निरोप. मी पाठवलेले निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र येत होत्या. संघपाल म्हणाले, "परीक्षेच्या टायमाले पोरीचं डोकं फिरवून ठेवलं तू." या वेळी त्यांचं बरोबर होतं. मी कार्यालयात पत्रांना चुकीचे क्रमांक देत होते. तिची कंबर मागे जाईल, डावी कड सुटेल, ती पडेल, आणि त्याचं कारण बर्फ नसेल, मी असेन. मनात काळजी कशाची धरावी तेच ठरेना. तिची निवड व्हावी असं वाटत होतं, आणि झाली तर पुन्हा त्याच उतारावर जाईल ही भीतीही.

चाचणीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी फोन आला.

"झालं. तिघी घेतल्या, त्यात मी तिसरी. नाव लागलं."

"पडली नाही?"

"दुसऱ्या फेरीत पडली. पण पहिली धरली त्यायनं. खालपर्यंत दोन्ही कडा बरोबर लागल्या."

मी विचारलं, तुझ्या डोक्यात ते जन्मतारखेचं चाललं होतं का. ती म्हणाली, "वर उभी होती तवा तेच होतं. तुमाले दोघांले किती शिव्या देऊ ते मोजून राहिली होती. पहिला चढ आला आन् गुडघे छातीशी गेले. मंग दुसरं काही सुचतच नाई माणसाले."

मग म्हणाली की संघाचा फॉर्म भरला आहे आणि त्यावर अकरा जूनच लिहिला आहे, कारण बाकी सगळे कागद तेच बोलतात. "तू आता सगळीकडं फेब्रुवारी करायले धावजो नको. मी आली की मिळून करू, वकिलाले विचारून."

मी बरं म्हटलं. माफी मागायची ठरवून ठेवली होती, ती राहूनच गेली. पलीकडे कोणी तिला हाका मारत होतं, पण ती गेली नाही.

"आई, वार कोणता होता मंग त्या दिवशी?"

"रविवार."

"आन् टाइम?"

"सकाळचे दहा वाजून गेले होते. तुझा मामा सायकलवर बर्फ आणायला गेला होता, आजीला उलट्या होत होत्या म्हणून, आणि तो बर्फ..."

"बर्फ राहू दे," ती म्हणाली. "माझं सांग."