वामन खांबेटे : शिव्यांचा संशोधक

“फोड़ दो मशीन! इसमें हमारी माँ की बेइज्जती भरी है!” नवऱ्यामुलाचा काका असा ओरडला की चाकसू गावच्या त्या लग्नमांडवाचे खांब हलले आणि टोंक रोडवरचे उंट गाड्यांसकट उलटे फिरून जयपूरकडे पळाले. मी डोळ्यांनी पाहिलंय. पाठोपाठ डाळीची पितळी परात माझ्या डोक्यावरून गेली आणि वामन खांबेटेच्या कपाळावर आदळली...

तो वामन गेल्या महिन्यात गेला. झोपेत, शांतपणे. बातमी कळली तेव्हा माझा विश्वासच बसेना. अख्ख्या वऱ्हाडाला जो मारता आला नाही, तो नुसत्या झोपेने मरतो होय?

साठ सालच्या आसपास आम्ही जयपुरात एका खोलीत राहायचो. मी विमा कचेरीत, तो विद्यापीठात. त्याच्या प्रबंधाचा विषय म्हणजे तिकडे लग्नात मुलीकडच्या बायका वरपक्षाला गाण्यातून देतात त्या शिव्या. नवऱ्याच्या आईपासून पणज्यापर्यंत एकाची अब्रू शाबूत राहत नाही, आणि वरपक्ष मिशांना पीळ देत हसतो. शिव्या नाही दिल्या तर रुसतो! पण ‘ब्याव’, म्हणजे लग्न, उरकलं की त्या गाण्यातलं अक्षरही कुणी बाई तोंडातून काढत नाही.

मार्गदर्शक कडक. “खांबेटे, दगड तपासता येतो, पाणी तपासता येतं. शिवी ही काय संशोधनाची सामग्री झाली?”

“सर, भूगर्भवाल्याला दगड, तशी मला शिवी. फक्त गरम असताना उचलावी लागते.”

“मग मूळ आवाजात आणून दाखवा. या लग्नसराईत नाही आणलीत, तर विषय बदला.”

सगळी उमेदीची वर्षं त्याने त्या विषयात घातली होती. म्हणून आम्ही म्हशीच्या पारडाएवढं जड ध्वनिमुद्रण यंत्र उसनं घेऊन चाकसूला गेलो. नवरीची मावशी भँवरीबाई दुपारच्या पंगतीत जी सुटली... वाढप्यांच्या हातातल्या पुऱ्या लाजून लाल झाल्या. वरपक्ष खूश. इथपर्यंत सगळं झकास.

पण वामन पडला सभ्य माणूस. वरपक्षात जाऊन म्हणाला, “सुनिए, कितना साफ आया है!” आणि फीत वाजवली. तिथेच घात झाला. बाईच्या तोंडून आलेली शिवी म्हणजे मान. तीच परक्या पुरुषाच्या हातातल्या खोक्यातून आली की नागडी शिवी, आणि ती उद्या कुठल्याही गावात वाजवता येते. हे आम्हाला परात बसल्यावर समजलं.

मग लाठ्या निघाल्या, खाटांचे पाय निघाले. मी डझनभर लोळवले. (मी खाटेखाली होतो असं वामन सांगायचा. त्याच्या डोळ्यांत रक्त होतं, त्याला काय दिसणार!) तो यंत्रावर पालथा पडला होता. लाथा बरगड्यांत बसत होत्या, पुढचा दात मातीत पडला, तरी हलेना. शेवटी काकाने फीत ओरबाडून काढली, त्याच्याच गळ्याभोवती गुंडाळली आणि ओढली. चेहरा काळानिळा झाला. फीत तटकन तुटली म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी नवरीची पाठवणी उरकून भँवरीबाई इस्पितळात आली. त्याचं बांधलेलं डोकं पाहून रडली, लाडू उशाशी ठेवले. वामनने तिचा हात धरला. “मौसी, वही गाना एक बार फिर गा दो. नहीं तो मेरा सब गया.”

तिने डोळे पुसले.

“ब्याव तो हो गयो, भैया.”